जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलंय. उचलून दुसऱ्या झाडावर ठेवलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परसातल्या जास्वंदीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलंय, आत तीन अंडी आहेत. झाडाला पांढरी कीड लागलीय, पुढच्या आठवड्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे आणि त्याआधी माळी छाटणी-फवारणीला यायचाय. घरटं अलगद उचलून शेजारच्या आंब्यावर ठेवलं तर चालेल का?

नाही चालणार. मी हे एकदा करून बसलेय, म्हणून इतकं ठणकावून सांगते.

आम्ही साताऱ्याला राहतो. काही वर्षांपूर्वी व्हरांड्यात टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने अंडी घातली होती. चैत्राचं ऊन दुपारी थेट घरट्यावर यायचं. मला आला कळवळा. कुंडी हुकावरून काढली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत टांगली. चार-पाच पावलांचं तर अंतर. पुढचे दोन दिवस ती जोडी रिकाम्या हुकापाशी येत राहिली. हुकावर बसायची, खाली बघायची, उडायची, परत यायची. पलीकडे टांगलेली कुंडी त्यांना दिसत नव्हती असं नाही, पण त्यांनी घर बांधलं होतं ते या हुकाखाली. मला शहाणपण सुचून कुंडी जागेवर नेली तोवर अंडी गार पडली होती. उन्हाचा बंदोबस्त बुलबुल स्वतः करतो, पंख पसरून अंड्यांवर सावली धरतो, हे मला नंतर कळलं.

शिवाय घरट्याला हात लावणं कायद्यातही बसत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत धरलेलं आहे. हे घरच्यांना सांगून बघा, कधी कधी दयेपेक्षा कायदा लवकर पटतो.

आता हळदीकुंकवाचं. ते पुढच्याच आठवड्यात कशाला? गौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर माहेरपणाला असते. बुलबुलालाही जवळपास तेवढाच मुक्काम लागतो. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, आणि पिल्लं बाहेर पडायला त्याहून दोन-तीन दिवस कमी. एक माहेरवाशीण देवघरात, एक जास्वंदीत. कैरीची डाळ आणि पन्हं दोन आठवड्यांनी केलं म्हणून आंबट व्हायचं कमी होत नाही. आणि लवकर करायचंच असेल तर बायकांना पुढच्या दाराने घ्या, परसातल्या झाडावर दिव्यांची माळ तेवढी सोडू नका.

कीड मात्र थांबणार नाही, हे खरं. पांढरी, कापसासारखी चिकटलेली असेल तर तो पिठ्या ढेकूण. खोडावरून मुंग्यांची रांग जाते का बघा. त्या किडीतून गोड चिकट रस निघतो, त्यासाठी मुंग्या तिची राखण करतात. घरट्यापासून लांबच्या फांद्या जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, फार भरलेले शेंडे खुडून टाका. घरट्याच्या फांदीला हात लावू नका. विषारी फवारणी तर नकोच. बुलबुल एरवी फळं खाणारा, पण पिल्लांना जास्त करून अळ्या, नाकतोडे, किडे भरवतो. तुम्ही किडीवर मारलेलं औषध त्याच चोचीतून पिल्लांच्या पोटात जाणार.

आमच्याकडे गेल्या वर्षी जास्वंदीतच घरटं होतं. सासूबाईंना गणपतीला रोज लाल जास्वंद लागते. त्यांनी त्या बाजूची फुलं तोडायची सोडली. तेवढे दिवस गणपतीने मोगऱ्यावर भागवलं. न तोडलेल्या फुलांवर शिंजीर यायला लागला, एवढासा, उन्हात जांभळा चमकणारा. फुलाच्या तोंडातून चोच घालायची तसदीच घेत नाही. देठाशी, बाहेरून भोक पाडतो आणि मध पिऊन जातो. परागांचं काम न करता मजुरी उचलणारा. तेव्हापासून मी खाली पडलेली जास्वंद उचलून भोक शोधते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सगळं नीट सांभाळूनही पिल्लं जगतीलच असं नाही. आमच्याकडे एका सकाळी सासूबाईंना कुंपणावर भारद्वाज दिसला. भारद्वाजाचं दर्शन शुभ, त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. मग त्याच्या चोचीत काय आहे ते दिसलं. हात जोडलेलेच राहिले. मी झाडू घेऊन धावले, पण तोवर तो बांबूत शिरला होता. तीनातली दोन उरली. त्या दिवशी मी भारद्वाजाला नको नको ते बोलले. पण आमच्या वाफ्यातल्या गोगलगायी तोच खातो, तेव्हा मला त्याचं कौतुक वाटतं, त्यामुळे फार वेळ रागावता आलं नाही.

म्हणूनच सारखं जाऊन डोकावू नका. फोटोसाठी फांद्या बाजूला करू नका. आपण कुठे वाकतो ते कावळा बघत असतो. पाणी ठेवायचं तर कुंभाराकडचं उथळ परळ घरट्यापासून लांब ठेवा, रोज घासून, मध्ये एक दगड टाकून.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर आधी पिसं बघा. अंगभर पिसं आली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात आणि जमिनीवरही भरवतात. मांजराची भीती असेल तर उचलून झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही नुसती समजूत. उघडंबोडकं असेल तर परत घरट्यात ठेवा. चोचीत पाणी किंवा दूध मात्र सोडू नका, ते श्वासनळीत जातं.

पिल्लं उडून गेल्यावर आठवडाभराने आमचं घरटं मी उतरवलं. बारीक मुळ्या, केरसुणीचे हीर, कोळ्याची जाळी, आणि आतून गोल गुंडाळलेला गजऱ्याचा दोरा. तो आमच्याच घरातला असणार.

तर माळ्याला अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख द्या. कुरकुरला तर पन्हं द्या.