स्नोमोबाइलचा क्लच तापून बेल्ट वारंवार तुटत असेल तर कारण कुठे शोधावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्याकडे 800 सीसीची, लांब ट्रॅकची (बर्फावर गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याची) टू-स्ट्रोक स्नोमोबाइल आहे, एकाच हंगामात तिचे तीन बेल्ट गेले, खोल बर्फातून अर्धा तास चालवली की क्लचजवळ हात नेववत नाही, आणि दुकानात तुम्हाला अधिक महाग बेल्ट व हवेशीर जाळीचे झाकण घेण्याचा सल्ला मिळाला आहे. माझे स्पष्ट मत असे की तूर्तास काहीही विकत घेऊ नये. गेलेले तिन्ही बेल्ट टाकून दिले नसतील तर ते उजेडात नीट पाहावेत, कारण मशीनमध्ये काय बिघडले आहे ते बहुतेक वेळा त्या रबरावर उमटलेले असते. मी गेली अनेक वर्षे माझ्या आणि मित्रांच्या स्नोमोबाइलची देखभाल स्वतः करतो, आणि चांगला बेल्ट उगाच तुटल्याचे मला फार क्वचित आढळले आहे.

आधी थोडक्यात रचना. इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसतो तो प्रायमरी क्लच आणि ट्रॅककडे जाणाऱ्या जॅकशाफ्टवर असतो तो सेकंडरी. दोन्ही म्हणजे शंकूसारख्या उतरत्या दोन-दोन तबकड्या असून त्यांच्या खाचेत बेल्ट बसतो. इंजिनचा वेग वाढला की प्रायमरीतील वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या एकमेकींजवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याच वेळी सेकंडरीच्या तबकड्या स्प्रिंगच्या विरोधात उघडतात आणि तिथला बेल्ट खाली उतरतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही हेच तत्त्व असते. मात्र इथे त्या बेल्टला दीडशेहून अधिक अश्वशक्ती वाहावी लागते. समजा इंजिन 160 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 120 किलोवॅट देत आहे आणि त्यातले शंभरातले दहाच भाग बेल्टच्या घसरण्यात वाया जात आहेत. तरीही एक-एक किलोवॅटच्या बारा शेगड्या त्या छोट्याशा बंदिस्त जागेत पेटवून ठेवल्याइतकी उष्णता तिथे तयार होते. म्हणून ‘क्लच का तापतो’ यापेक्षा ‘बेल्ट नेमका कुठे आणि केव्हा घसरतो’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की पुढचा मार्ग दिसतो.

आता तुमचे बेल्ट हातात घ्या. बेल्ट एकाच ठिकाणी, वीतभर लांबीत दोन्ही बाजूंनी खाल्ला जाऊन अरुंद झाला असेल आणि बाकी सगळा शाबूत असेल, तर ट्रॅक अडकलेला असताना थ्रॉटल (अंगठ्याने दाबायचा, इंजिनचा वेग वाढवणारा खटका) दाबून धरला गेला, असे समजावे. सेकंडरी हलत नाही, बेल्ट जागच्या जागी उभा राहतो, आणि प्रायमरी त्याच्या एकाच भागावर फिरत राहून तो जाळते. हे घडायला काही सेकंद पुरतात. पुढे त्याच जागी प्रत्येक फेरीला धक्का बसत राहतो आणि कधीतरी बेल्ट तिथेच फाटतो. याउलट बाजू पूर्ण घेरात आरशासारख्या गुळगुळीत व कडक झाल्या असतील, तर बेल्ट सतत थोडाथोडा घसरत आला आहे. कारण तबकड्यांवर तेलाचा अंश असणे, दाब अपुरा पडणे किंवा बेल्ट चुकीच्या मापाचा असणे, यांपैकी एक असते. फक्त एका कडेचे धागे सुटून लोंबत असतील, तर दोन्ही क्लच एका रेषेत नाहीत. आतल्या बाजूचे दात मुळापासून उपटले गेले असतील, तर थंडीने कडक झालेल्या बेल्टवर एकदम पूर्ण जोर टाकला गेला असेल किंवा उष्णतेने रबराची पकड सुटली असेल. आणि बेल्टच्या चिंध्याच उरल्या असतील, तर त्या चिंध्यांतूनही वरील खुणा शोधाव्यात, कारण बेल्ट फुटण्याचा क्षण हा शेवटचा टप्पा असतो, सुरुवात आधीच झालेली असते.

एका रेषेत नसण्याचा अनुभव मला चांगलाच लक्षात आहे. माझ्या एका मशीनचे दोन बेल्ट लागोपाठ गेले, आणि दोन्हींची आतली, इंजिनकडची कड विसकटलेली होती. मी क्लचची रेषा सरळ पट्टी लावून मोजली. ती पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे अगदी बरोबर होती. ज्या कारागिराला दाखवले त्यानेही मोजून ‘बरोबर आहे’ असेच सांगितले. तिसऱ्या वेळी मी इंजिन बंद ठेवून प्रायमरी क्लच दोन्ही हातांनी धरला आणि सेकंडरीच्या दिशेने जोर लावून ओढला, तेव्हा संपूर्ण इंजिन बोटभर सरकले आणि सोडल्यावर हळूच मागे गेले. इंजिनखालचे एक रबरी माउंटिंग आतून फाटले होते, बाहेरून मात्र ते धडधाकट दिसत होते. उभ्या मशीनवर रेष बरोबर येत होती, पण थ्रॉटल दाबताच बेल्टच्या ओढीने इंजिन तिरके होत होते. म्हणून माझी विनंती अशी की रेष मोजण्याआधी ही ओढून पाहण्याची परीक्षा करावी; तिला दोन मिनिटे लागतात आणि एकही अवजार लागत नाही.

माउंटिंग ठीक असतील तर दोन क्लचमधले अंतर, त्यांचा आडवा फरक आणि बेल्टचा ताण ही मापे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घेऊन तपासावीत. ती दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या मशीनवरून घेऊ नयेत. बेल्टची बाहेरची पाठ सेकंडरीच्या कडेला समतल किंवा किंचित वर असणे बहुतेक मशीनमध्ये अपेक्षित असते. बेल्ट खाली बसला असेल तर निघताना सर्वांत हलके गुणोत्तर (जणू सर्वांत खालचा गिअर) मिळत नाही आणि प्रत्येक सुरुवातीला बेल्ट घासला जातो. फार वर, म्हणजे घट्ट असेल, तर इंजिन नुसते सुरू असतानाही प्रायमरी त्याला घासत राहते. मशीन उभ्या जागी पुढे सरकू पाहते, हे त्याचे लक्षण. वापराने बेल्ट झिजून अरुंद होतो आणि सेकंडरीत खाली उतरतो, त्यामुळे हे समायोजन एकदा करून विसरण्यासारखे नाही. नवा बेल्ट टाकला की ते पुन्हा करावे लागते, आणि नेमके हेच बहुतेक जण टाळतात.

पुढची पायरी क्लचच्या आत आहे. प्रायमरीतील रोलर एका बाजूने चपटे झाले आहेत का, वजनांच्या पिनांना ढिलेपणा आला आहे का, सरकणाऱ्या तबकडीचे बुश सैल आहेत का आणि सेकंडरीची स्प्रिंग बसून गेली आहे का, हे पाहावे. झिजलेल्या रोलरमुळे तबकडी अडखळत सरकते, दाब उशिरा येतो आणि तेवढा वेळ बेल्ट घसरतो. प्रायमरी शाफ्टवरून काढायला तिच्यासाठीचाच पुलर लागतो आणि उघडताना आतली स्प्रिंग दाबाखाली असते, त्यामुळे ते काम पूर्वी केले नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे. तबकड्यांची सफाई मात्र प्रत्येकाने स्वतः करावी. काथ्यासारख्या खरखरीत पॅडने रबराचा काळा थर काढून मग ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावे आणि फडके पांढरे निघेपर्यंत थांबू नये. नव्या बेल्टवर कारखान्यातला बुळबुळीत थर असतो. तो कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. क्लचच्या सरकत्या भागांना ग्रीस किंवा तेल लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. तेल बेल्टवर उडते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

एवढे झाल्यावरही क्लच तापत असेल तर तापमान मोजावे. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो फार कमी आकडा दाखवतो. म्हणून दोन्ही क्लचच्या बाहेरच्या पृष्ठभागावर काळ्या, चमक नसलेल्या रंगाचा एक-एक ठिपका देऊन ठेवावा. नेहमीसारख्या दमवणाऱ्या चालवण्यानंतर लगेच इंजिन बंद करावे, झाकण उघडावे आणि दोन्ही ठिपके वाचावेत. जोराच्या वापरात 90 अंश सेल्सिअसच्या आसपासचा आकडा मला काळजीचा वाटत नाही. 120 च्या वर वारंवार जात असेल तर बेल्टचे रबर भाजत आहे असे मी धरतो. प्रायमरी इंजिनला चिकटून असल्याने थोडी अधिक गरम असणे स्वाभाविक आहे. ती फारच जास्त तापत असेल तर तिचा दाब कमी पडतो आहे किंवा सेकंडरी क्लच बेल्टला गरजेपेक्षा जोरात धरून ठेवते आहे. सेकंडरी जास्त तापत असेल तर तिची स्प्रिंग कमकुवत किंवा तिचा हेलिक्स (तिच्या तबकड्यांचा दाब ठरवणारा तिरक्या उतारांचा भाग) जास्त उभ्या कोनाचा असण्याची शक्यता मोठी.

इथेच उंचीचा मुद्दा येतो. टर्बो नसलेले इंजिन दर 300 मीटर चढाईला साधारण 3 टक्के शक्ती गमावते, म्हणून उंच डोंगरांसाठी प्रायमरीत हलकी वजने बसवतात. तीच मशीन सखल भागात आणली की इंजिनची शक्ती वाढते, वजनांचा दाब मात्र पुरत नाही. इंजिन ठरलेल्या वेगाच्या वर पळते आणि बेल्ट घसरतो. पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटर (इंजिनच्या फेऱ्या मोजणारे उपकरण) किती दाखवतो हे तुम्ही लिहिलेले नाही. या वर्गातल्या बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांची कमाल शक्ती मिनिटाला 8000 फेऱ्यांच्या आसपास मिळते. तुमच्या पुस्तिकेतला नेमका आकडा पाहून त्याच्याशी ताडून बघा. मशीन जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने कोणती वजने बसवली होती हेही विचारून घ्यावे.

चालवण्याच्या सवयीबद्दल लिहिताना तुमच्यावर दोष ठेवण्याचा हेतू नाही, पण ‘खोल बर्फ’ हे शब्द तुम्ही दोनदा वापरले आहेत. ओल्या, जड बर्फात सावकाश वाट काढताना बेल्ट प्रायमरीच्या अगदी तळाशी, लहानशा घेरावर असतो. पकडीला जागा कमी, ओझे सर्वांत जास्त आणि थंड हवा जवळजवळ नाही, अशी ती अवस्था असते. अर्धवट थ्रॉटलवर रेंगाळण्यापेक्षा ठामपणे वेग घेऊन वर तरंगणे बेल्टला सोसते. ट्रॅक थांबला आहे हे जाणवताच अंगठा सोडावा, उतरून ट्रॅकभोवतीचा बर्फ तुडवून घ्यावा आणि स्की ओढून वाट मोकळी करावी. रात्रभर बाहेर उभ्या मशीनचा ट्रॅक अनेकदा जमिनीला गोठलेला असतो. मागची बाजू उचलून हलवून तो सोडवल्याशिवाय थ्रॉटलला हात लावू नये. कडक थंडीत इंजिन काही मिनिटे नुसते सुरू ठेवून पहिले काही किलोमीटर हलक्या हाताने चालवावे. सतत याच प्रकारचे चालवणे असेल, तर चेनकेसमधले (जॅकशाफ्टकडून ट्रॅककडे शक्ती नेणाऱ्या साखळीच्या पेटीतले) वरचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, एक-दोन दातांनी लहान करून घेतल्याने सर्वोच्च वेग थोडा कमी होतो, पण बेल्टला लवकर वर चढता येते आणि तापमानात मला तरी ठळक फरक दिसला आहे.

ब्रेक घासत असणे, ट्रॅक फार ताणलेला असणे, बेअरिंग जड होणे, बाजूच्या पॅनेलच्या जाळ्या बर्फाने बुजणे, ही कारणे लहान वाटतात, पण त्यांचीही भर पडते. दुकानाने सुचवलेल्या झाकणाचा उपयोग इथे, सर्वांत शेवटी आहे. हवा खेळती राहिल्याने उष्णता बाहेर जाते, घसरणे मात्र थांबत नाही. ते बसवले तरी क्लचवरचे मूळ संरक्षक कवच काढू नये आणि कवचाशिवाय इंजिन कधीही सुरू करू नये, कारण तुटलेला बेल्ट गोळीसारखा बाहेर येतो.

बेल्ट वाटेत तुटलाच, तर नवा चढवण्याच्या घाईत जुन्याचे तुकडे आत राहू देऊ नका. बेल्टमधले मजबूत धागे प्रायमरीच्या मागे, क्रँकशाफ्टभोवती दोऱ्याच्या रिळासारखे घट्ट गुंडाळले जातात. मी ते चिमट्याने ओढून, ब्लेडने जपून कापून काढले आहेत, आणि एकदा त्यांच्याखाली ऑइल सीलची कड अर्धी कुरतडलेली सापडली होती. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये ते सील गेले की आत जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि पिस्टन जळतो. बेल्टपेक्षा कितीतरी मोठे नुकसान. गरम क्लचवर बर्फही टाकू नये, कारण वितळलेले पाणी बेल्ट आणि तबकड्यांच्या मध्ये जाते. बेल्टवर दिशेचा बाण असेल तो पाळावा, आणि पहिले सुमारे 50 किलोमीटर पूर्ण थ्रॉटल न देता, वेग कमी-जास्त करत चालवावे. मगच तो बेल्ट बसला असे समजावे.

तिन्ही बेल्टच्या बाजूंचे आणि आतल्या दातांचे स्वच्छ फोटो, पूर्ण थ्रॉटलचा टॅकोमीटरचा आकडा आणि दोन्ही क्लचची तापमाने इथे दिलीत, तर आधी कोणता भाग उघडावा हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन. तोपर्यंत इंजिन ओढून पाहण्याची ती दोन मिनिटांची परीक्षा मात्र आजच करा.