खाऱ्या हवेतील स्वयंपाकघरासाठी भांडी कोणती घ्यावीत?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे ठाण्याहून देवगडजवळच्या मूळ घरी कायमचे राहायला आलो. पहिल्याच पावसाळ्यात तवा आणि लोखंडी कढई गंजली, तर स्टीलच्या पातेल्यांच्या तळाशी बारीक तपकिरी ठिपके पडले. सासूबाईंच्या वेळची पितळी पातेलीही घरात आहेत. नव्याने काय घ्यावे आणि जुने काय वापरावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : किनाऱ्यावर भांडे निवडताना दुकानातील चकाकीपेक्षा आपल्या घरी आमसूल, चिंच आणि कैरी किती शिजते, हे आधी पाहावे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत शिजवला, तर धातू त्यात उतरतो; लोखंडात तो काळा पडतो आणि चवही बिघडते; ज्याला आपण जर्मन म्हणतो, त्या अल्युमिनियमच्या टोपातही आंबट कालवण शिजवून तसेच ठेवू नये. म्हणून बांगड्याच्या तिखल्यासाठी जाड बुडाचे स्टीलचे पातेले किंवा मातीचे मडके हेच उत्तम.

आपल्या पातेल्यांवरील ठिपक्यांचे कारण बहुधा मीठ हे आहे. स्टीलवर क्रोमियमच्या संयुगाचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. थंड पाण्यात टाकलेले मीठ न विरघळता तळाशी बसून राहिले की त्या जागी हा थर फुटतो. पाण्याला उकळी आल्यावरच मीठ घालावे आणि खारट कालवण रात्रभर त्याच भांड्यात ठेवू नये. नवीन भांडे घेताना 304 प्रतीचे मागावे, कारण त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, तर स्वस्त 200 मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. दुकानदार चुंबक लावून खात्री पटवू पाहतात, पण या दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा या परीक्षेवर विसंबू नये. भांड्यावरील छाप आणि पावती पाहावी.

सासूबाईंची पातेली मोडीत मुळीच घालू नयेत. कल्हईवाले आता दारावर क्वचितच येतात, त्यामुळे जवळपास कोणी आढळला तर सगळी भांडी एकदमच करून घ्यावीत. तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड पडताच पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की पिवळा तळ पाहता पाहता रुपेरी होतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून असे पातेले रिकामे तापत ठेवू नये आणि घासताना तारेची घासणी वापरू नये. आतून पुन्हा पिवळेपणा दिसू लागला की कल्हई होईपर्यंत त्यात आंबट काहीही शिजवू नये.

गंजलेला तवा आणि कढई टाकण्याचेही कारण नाही. गंज घासून काढावा, भांडे धुऊन लगेच मंद आचेवर कोरडे करावे आणि तेलाचा हलका हात फिरवून ठेवावे. पावसाळ्यात हे प्रत्येक वापरानंतर करावे लागेल. घावणे आणि आंबोळ्यांसाठी मात्र बिडाचा तवा वेगळा घ्यावा आणि त्यावर पोळ्या भाजू नयेत, कारण कोरड्या आचेने त्यावर मुरलेले तेल जळते आणि पुढचे घावण चिकटते. तेल लावायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा पुरतो.

प्रश्न : वाटपासाठी मिक्सर आणि स्वयंपाकासाठी इंडक्शन शेगडी घेतली, तर पाटा-वरवंटा आणि गॅस काढून टाकावा का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : काढू नये. पावसाळी वाऱ्यात वीज गेली की दोन्ही उपकरणे एकाच वेळी बंद पडतात. इंडक्शन ही दुसरी शेगडी म्हणून सोयीची आहे. मात्र तिच्यावर तळाला चुंबक चिकटेल अशीच भांडी चालतात, त्यामुळे मडके, पितळ आणि जर्मन यांसाठी गॅस लागणारच. मिक्सर जरूर घ्यावा, पण ओल्या खोबऱ्याचे वाटप त्यात थांबून थांबून फिरवावे, नाहीतर भांडे तापते आणि खोबऱ्याला तेल सुटते.