देवावर श्रद्धा असूनही 'लोक काय म्हणतील' ही भीती का जात नाही?

तुम्ही विचारले आहे की देवावर मनापासून श्रद्धा असूनही चार लोकांच्या पसंतीवाचून पाऊल उचलवत नाही, तर काय करावे. माझ्या अनुभवाने सांगते, ही भीती माणूस देवळातही बरोबर घेऊन जातो.

माझे यजमान गेले तेव्हा मुली नऊ आणि सहा वर्षांच्या होत्या. आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. पहिल्या वर्षी चतुर्थीची पूजा धाकट्या दिरांनी केली. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी गणपती शहरातल्या आपल्या घरी न्यायचे ठरवले, कारण घरात मुलगा नाही आणि विधवेने पूजेला बसणे त्यांना मान्य नव्हते. "वहिनी, लोक कितें म्हणटले?" एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर आमच्याकडचा 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा घरादाराचा अर्धा वाटा पत्नीचा मानतो. घरपट्टीच्या पावतीवर माझे नाव चालत होते, गणपतीपुढच्या पाटावर मात्र मी चालत नव्हते.

म्हणून मी देवळात कौल घ्यायला गेले. पुजाऱ्यांनी मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि माझे गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी खांबाला टेकून तासभर त्या पाकळ्यांकडे पाहत राहिले. समईची वात दोनदा सारून झाली, पण एकही पाकळी जागची हलली नाही. "उद्या परत या," पुजारी म्हणाले. तेवढ्या वेळात माझ्या ध्यानात आले की भाऊजींना काय सांगायचे ते वाक्य मी घरून निघतानाच जुळवून ठेवले होते. गणपती घरीच ठेवायचा हे माझे कधीच ठरले होते, फक्त त्यांच्यापुढे टाकायला मला देवाच्या सहीचा दाखला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट. तिच्या बाजारातून तोरिंगण, चिबूड, कांगले, कवंडळे ही फळे आणली आणि स्टुलावर चढून केवणीच्या सालीच्या दोरांनी चौकटीला बांधली. एक गाठ सैल राहिली आणि कवंडळ सुटून धाकटीच्या पायाशी येऊन पडले, तेव्हा अपशकुन म्हणून ती रडू लागली आणि मी तिच्याच हातून ते पुन्हा बांधून घेतले. भटजींनी येण्याचे टाळले, म्हणून थोरलीने पोथी वाचली आणि मी पूजा केली. आरतीला वाड्यावरची दोनच माणसे आली. माझा आवाज कापत होता.

गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय आले, त्या काळात लोकांनी कागदावर गणपतीचे चित्र काढून ते दडवून पुजले, आणि काही घराण्यांत आजही कागदाचाच गणपती असतो. त्यांच्या पूजेची वाखाणणी करायला कोण येणार होते? कोणाला सुगावा लागला तर घरदार जाण्याचे भय होते. आपण त्यांच्याच भूमीत राहून शेजारणीच्या नाक मुरडण्याला भितो, हे मला पटत नाही.

तेव्हा देवाकडे नेमके काय मागता ते एकदा तपासा, आणि ठरल्यावर संमती गोळा करत दारोदार फिरू नका. भीती पूर्ण जाईल असे मात्र मी सांगणार नाही, माझीही गेलेली नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडणार असेल त्यांना विचारलेच पाहिजे. मी मुलींना विचारले होते. कौलावरही माझा राग नाही, माझे त्या दिवशीचे गाऱ्हाणेच खोटे होते.

घराण्याचा गणपती कौलाशिवाय पुजला गेला, असे भाऊजी आजही चारचौघांत सांगतात. ते खरे आहे. कौल मिळाला नव्हता, आणि त्यानंतर या बाबतीत मी तो कधी मागितलाही नाही.