ई-रेसिडेन्सी घेऊन एस्टोनियात राहायला येता येतं का?

तुम्ही विचारलंय की तासगावच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजसाठी बनवलेलं स्टॉकचं सॉफ्टवेअर युरोपात विकायचंय, तर एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी काढून बायकोमुलांसकट टॅलिनला, म्हणजे तिथल्या राजधानीत, येऊन राहता येईल का. मी टॅलिनमध्येच राहते, छोटी कंपनी चालवते, म्हणून सविस्तर लिहिते, एजंटला पैसे देण्याआधी वाचा.

ई-रेसिडेन्सी म्हणजे व्हिसा नाही, अजिबात नाही. डिसेंबर 2014 मध्ये ही स्कीम सुरू झाली, आत्तापर्यंत 1 लाखाहून जास्त लोकांनी कार्ड घेतलंय, पण त्या कार्डावर फोटोसुद्धा नसतो आणि ते दाखवून कोणी तुम्हाला विमानात बसू देणार नाही. ती फक्त डिजिटल ओळख आहे. कार्ड दिल्लीच्या वकिलातीतून घेता येतं, स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात. "ई-रेसिडेन्सीवर युरोपात सेटल व्हा" असं कोणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा.

पण कामाला ती खरंच भारी आहे. कार्ड रीडरमध्ये घालायचं, पिन 1 टाकून बिझनेस रजिस्टरच्या पोर्टलवर लॉगिन, कंपनीचं नाव, कामाचा कोड, फी, आणि शेवटी पिन 2 टाकला की झाली सही, कायद्याने हाताच्या सहीइतकीच पक्की. ना नोटरी ना स्टँप पेपर. पूर्वी ओयू म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या कंपनीला 2500 युरो भांडवल लागायचं, फेब्रुवारी 2023 पासून ती अट गेली. भारतात बसून चालवणार असाल तर इथला एक कॉन्टॅक्ट पर्सन, म्हणजे कंपनीची सरकारी पत्रं घेणारा माणूस, आणि पत्ता मात्र लागतो, त्याचे वर्षाला पैसे जातात.

टॅक्सबद्दल लोक अर्धंच सांगतात. नफा कंपनीतच ठेवला तर कॉर्पोरेट टॅक्स शून्य, हे खरं. डिव्हिडंड काढला की 2025 पासून 22/78, म्हणजे 78 युरो हातात घेतले तर 22 सरकारला. पण इथे राहून स्वतःला पगार काढलात तर त्यावर 33 टक्के सोशल टॅक्स, म्हणजे पेन्शन आणि आरोग्य विम्यासाठीचा कर, कंपनीने वेगळा भरायचा, नवीन माणसाचं बजेट इथेच कोलमडतं. आणि सांगलीत बसून कंपनी चालवली तर भारतातला टॅक्स काही सुटत नाही, शिवाय परदेशी कंपनीत भांडवल घालताना बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेचा एफसी फॉर्म भरावा लागतो. हे माहीत असलेला सीए आधी गाठा.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते बँक खातं. कंपनी ऑनलाइन झटक्यात होते आणि बँक विचारते तुमचा एस्टोनियाशी संबंध काय, गिऱ्हाईक कुठंय, करार दाखवा. मला एका बँकेने कारण न देता नकार कळवला होता, फार मनस्ताप झाला तेव्हा. सरकारी पोर्टल कितीही चांगलं असलं तरी बँक स्वतःचे नियम लावतेच. म्हणून आधी इथलं एक तरी गिऱ्हाईक लेखी मिळवा.

आता राहायचंच असेल तर तुमच्यासाठी 2017 पासूनचा स्टार्टअप व्हिसा आहे, ई-रेसिडेन्सीशी त्याचा संबंध नाही. आधी स्टार्टअप कमिटीकडे ऑनलाइन अर्ज, त्यात इथल्या स्टार्टअपवालेच लोक असतात, ते ओके म्हणाले की मग डी व्हिसा, म्हणजे जास्त दिवस राहायचा व्हिसा, किंवा रेसिडेन्स परमिट. हॉटेल, दुकान, नुसती आयटी सर्व्हिस यांना तिथे हो म्हणत नाहीत, वाढू शकणारं नवीन प्रॉडक्ट लागतं. तुमचं सॉफ्टवेअर बसू शकतं असं मला मनापासून वाटतं, फक्त बेदाण्यावर अडकू नका. खोलीचं तापमान, कुठल्या शेतकऱ्याचा माल कुठल्या रॅकवर किती दिवस पडलाय हे तुम्ही दाखवताच ना, मग तेच इथे मासे आणि बेरी साठवणाऱ्यांना कसं चालेल हे अर्जात लिहा. टॅलिनला टेह्नोपोल (Tehnopol) म्हणून सायन्स पार्क आहे, नव्या कंपन्यांना मदत करतात, त्यांना आत्ताच मेल टाका.

आणि एकदा नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरमध्ये येऊन बघा, तेव्हा जेमतेम सहा-सात तास उजेड असतो, बायकोला सोबत आणा.

तुम्ही पैसे महिन्याला घेता की एकरकमी, आणि आत्ता किती कोल्ड स्टोरेज वापरतात ते कळवा. कमिटी हे विचारणारच, त्यावरून अर्जात काय पुढे ठेवायचं ते सांगते.