150 तास झाले, पुढचे 50 कुठून आणणार?

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, हेलिकॉप्टर पायलट व्हायचं म्हणते. एजंटने अमेरिकेतला 150 तासांचा कोर्स सुचवलाय. ‘तिथे आर-22 नावाच्या हेलिकॉप्टरसाठी म्हणे वेगळे सुरक्षा नियम आहेत, मध्यंतरी बदललेही. म्हणजे ते धोक्याचं आहे का? मुलीला पाठवू की नको?’

नमस्कार,

तुमची भीती अगदी रास्त आहे. रॉबिन्सन कंपनीचं आर-22 दोन आसनी आणि खूपच हलकं. चालवायला स्वस्त, म्हणून शिकाऊंच्या हाती बहुधा तेच येतं. पण त्याचा रोटर हलका असल्याने इंजिनाने दगा दिला की पात्यांचा वेग झपाट्याने उतरतो. कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी लिव्हर, खाली करायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. दोन पाती सी-सॉसारखी टांगलेली असतात. पायलटच्या हातातला दिशेचा दांडा एकदम पुढे ढकलला तर क्षणभर रोटरवर भारच राहत नाही, हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडतं आणि हात आपसूक दांडा डावीकडे ओढतो. तिथेच घात होतो, कारण पाती जोडणारा हब रोटरच्या उभ्या खांबावर, म्हणजे मास्टवर, आदळून मास्ट तुटू शकतो. आधी दांडा हळूच मागे घ्यायचा, रोटरवर भार आला की मग कल सावरायचा. हे उपजत कुणालाच येत नाही.

असे अपघात झाले म्हणून अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने 1995 मध्ये खास नियम आणले. एकट्याने उडण्याआधी आर-22 वर शिक्षकाबरोबर किमान 20 तास हवेत. कमांड, म्हणजे हेलिकॉप्टरची मुख्य जबाबदारी, घ्यायची तर हेलिकॉप्टरचे एकूण 200 तास, त्यातले 50 आर-22 चे. तेवढे नसतील तर 10 तासांचं शिक्षण, शिक्षकाची सही आणि 200 तास भरेपर्यंत दरवर्षी तपासणी. 2024 मध्ये नियम सुधारले, आणि तो भार हलका होण्याचा प्रकार हवेत करून दाखवण्याची अट काढली. आता तो धोका जमिनीवरच शिकवतात. मला हा बदल मनापासून पटतो.

पण एजंटने न सांगितलेली गोष्ट मला जास्त सलते. नव्या पायलटची पहिली नोकरी बहुतेक वेळा इन्स्ट्रक्टरची असते, आणि आर-22 वर शिकवायलाही तेच 200 आणि 50 तास लागतात. त्याच कंपनीच्या मोठ्या आर-44 वर शिकवायचं तर त्याचे वेगळे तास. तुमची मुलगी 150 वर थांबली तर लायसन्स हातात असेल आणि काम नसेल. 200 पर्यंत उरलेल्या 50 तासांचा खर्च आजच कोटेशनमध्ये मागा, लेखी. परत आल्यावर डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचे, पेपर द्यावे लागतील तेही धरा. आणि फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी, करून घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

घर गहाण टाकायची वेळ येत असेल तर जरा थांबा. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, 2022 पासून मुलीही जातात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन बारावी केली असेल तर नौदलाची वाट तिला खुली आहे, आणि नौदलाचा हंसा हवाई तळ आपल्या दाबोळीलाच आहे. वयाची मर्यादा साडेएकोणीस, त्यामुळे हा अर्ज पुढच्या वर्षावर ढकलू नका. कोर्स पुढच्या वर्षीही मिळेल.