समुद्री पॉलिसॅकराइडवर पोस्टडॉक: जावं का?

समुद्री जिवांतल्या औषधी पॉलिसॅकराइडवर (म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांवर) परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळतेय, सोबत शाळेतली मुलगी आहे, जावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, विमा, पगार यावर मी काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे. पण प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आधी एक विचारून घ्या: काम शेवाळावर आहे की समुद्री जिवाणूंवर? तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन हे पॉलिसॅकराइड १९१३ पासून माहीत आहे. हेपॅरिन या औषधासारखं तेही रक्त गोठू देत नाही. हेपॅरिन येतं डुकराच्या आतड्यातून, आणि २००८ मध्ये त्यात भेसळ निघून माणसं दगावली, त्यामुळे पर्याय सगळ्यांनाच हवाय. तरी घोडं अडतं. शेवाळाची जात, ऋतू, किनारा बदलला की सल्फेटचं प्रमाण आणि साखळीची लांबीही बदलते, आणि औषधाची प्रत्येक बॅच सारखी लागते. त्यात तुमचा करार ठरावीक मुदतीचा. हंगाम हुकला तर शेवाळ थांबेल, करार थांबणार नाही.

जिवाणू मात्र फर्मेंटरमध्ये, म्हणजे बंद टाकीत वाढवतात, आणि फर्मेंटरला ऋतू नसतो. खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांजवळ सापडलेला व्हिब्रिओ डायबोलिकस हा जिवाणू आपल्या त्वचेत आणि सांध्यांत असणाऱ्या हायलुरोनिक आम्लाच्या जवळचं पॉलिसॅकराइड बनवतो. हाड भरून येण्यासाठी ते उंदरांवर तपासलंय. फक्त हे जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन हे प्रतिकारशक्ती भडकवणारं द्रव्य असतं. एंडोटॉक्सिन नीट काढलं नाही, तर 'प्रतिकारशक्ती जागी झाली' म्हणून आपण नाचतो आणि करामत असते एंडोटॉक्सिनची. रुग्णापर्यंत खरंच काय पोचलं म्हणाल, तर तपकिरी शेवाळातल्याच अल्जिनेट या पॉलिसॅकराइडचं ड्रेसिंग. जखमेवर कोरडं ठेवायचं. त्यातलं कॅल्शियम जातं, जखमेतल्या स्रावाचं सोडियम येतं, जेल होते आणि पट्टी काढताना कातडं ओढलं जात नाही. लाल शेवाळातल्या कॅराजीननच्या जेलने मात्र एचआयव्ही रोखण्याच्या मोठ्या चाचणीत निराशा केली. मुलाखतीत कुणी फारच स्वप्नं दाखवू लागलं तर हे आठवा.

आता कागदपत्रं. नमुने सोबत न्यायचे असतील तर नागोया कराराप्रमाणे (जैविक नमुन्यांच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मूळ देशाची परवानगी आधीच काढा. माझा वाळवलेला नमुना अडकला तो वेगळ्याच पायी. फॉर्मवर चौकोन तीनच: वनस्पती, प्राणी, रसायन. तपकिरी शेवाळ शास्त्राने खरी वनस्पती नाही, हे मी खिडकीपलीकडच्या माणसाला समजावत बसले. त्याने शांतपणे दुसरा फॉर्म दिला. त्यावरही तेच तीन.

मुलीच्या शाळेचं विचाराल तर माझं तोंड कडू होतं. भाषा येत नाही म्हणून माझ्या मुलीला एक इयत्ता खाली बसवलं, गणितात वर्गाच्या पुढे असूनही. बैठकीत सगळे गोड हसत होते. ती केव्हाच विसरली. माझी बस अजून त्या शाळेवरून जाते आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालते. तुम्ही प्रवेशाआधीच इयत्तेचं लेखी घ्या.

एकटेपणा? असतो. फर्मेंटर चालू असला की रात्री लॅबमध्ये थांबावं लागतं, तेव्हा जाणवत नाही. पुढे.

मी वेगळी केलेली जिवाणूची स्ट्रेन, म्हणजे त्याचा एक विशिष्ट वाण, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आहे. मालकी संस्थेची. परतायचं मनात आलं की ती आडवी येते. का मीच तिला आडवी घालते, ते अजून मला कळलेलं नाही. तुम्ही ऑफरवर सही करायच्या आधी गाइडला ईमेलवर विचारा: मी सोडून गेल्यावर स्ट्रेन कुणाची, आणि तिच्यावर पुढे काम करायची मुभा मला असेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा.