व्हेपचं टेम्परेचर कंट्रोल किती डिग्रीवर ठेवावं? २०० ठेवूनही जळका वास येतो

मी स्वतः व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत नाही. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "स्क्रीनवर २०० दिसतंय, म्हणजे कॉइल २००वरच असणार ना?" आणि या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलोय. नाही, नसणार. त्या स्क्रीनमागे तापमान मोजणारं काहीच नसतं. यंत्र फक्त कॉइलचा, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजतं आणि तार कुठल्या धातूची आहे हे तुम्ही मेन्यूत जे सांगाल ते खरं धरून डिग्रीचा हिशेब मांडतं. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो. निकेलचा दर डिग्रीला साधारण ०.६ टक्के, टायटॅनियमचा ०.३५च्या आसपास, एसएस ३१६चा (स्टेनलेस स्टील) जेमतेम ०.०९. कंथल या मिश्रधातूचा जवळपास वाढतच नाही, त्यामुळे कंथलवर हा प्रकार चालत नाही, विषय संपला.

आता कॉइल एसएसची आणि मेन्यूत निकेल असेल, तर यंत्र रेझिस्टन्स दुपटीच्या वर जाण्याची वाट बघत बसतं. एसएसचा तेवढा वाढायच्या कितीतरी आधी कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस जळतो. जळक्या वासाचं कारण आधी इथे शोधा.

मी आयटीआय करून इन्स्ट्रुमेंटच्या कामाला लागलो. पहिली नोकरी साकीनाक्याच्या एका गाळ्यात, तिथे व्हॅनिशिंग क्रीम बनायचं. मिक्सिंगचं भांडं ७५ डिग्रीला न्यायचं, कारण स्टिअरिक ॲसिड सत्तरीच्या जवळ वितळतं. भांड्यात पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर लावलेला. प्लॅटिनमची तार, शून्य डिग्रीला १०० ओम, १०० डिग्रीला १३८.५ ओम. तुमच्या व्हेपचं तत्त्व तेच आहे, फक्त इथे तार मोजायलाच ठेवलेली असते. तो सेन्सर कुणीतरी दोनच वायरींवर जोडून ठेवला होता. जोडणीचा रेझिस्टन्स वजा करायला तिसरी वायर लागते, ती ओढलीच नव्हती. पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट थर चढला, तीन ओम वाढले आणि पॅनल आठ डिग्री जास्त दाखवायला लागलं. पॅनलवर ७५, भांड्यात ६७. क्रीममध्ये दाणे.

प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, मीटर बरोबर आहे, माल खराब आलाय. स्टिअरिकची पोती सप्लायरकडे परत गेली. मी म्हटलं, साहेब, जोडणी एकदा बघू द्या. उत्तर मिळालं, "तू वायरी बघ, प्रोसेस मला शिकवू नकोस." मग जेवणाच्या सुट्टीत मी चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि सेन्सर पॅनलला होता तसाच जोडलेला ठेवून त्यात बुडवला. मुंबई समुद्राच्या पातळीला आहे, इथे पाणी १००लाच उकळतं. पॅनलवर १०८. साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, मीटरमध्ये उणे आठचा ऑफसेट टाक."

मी म्हटलं, टर्मिनल साफ करतो, तिसरी वायर ओढतो, मग ऑफसेटची गरजच नाही. लाइन थांबवायची नाही, म्हणाले. ऑफसेट टाकला गेला. दिवाळीनंतर कुणीतरी टर्मिनल घासून आवळलं, वाढलेले तीन ओम गेले, उणे आठ मात्र तिथेच राहिला. पॅनल ७५ म्हणत होतं तेव्हा भांडं ८३ला होतं. पाणी उडून क्रीम घट्ट निघू लागलं, आणि ऑफिसात बोललं गेलं की इन्स्ट्रुमेंटवाल्याने मीटर बिघडवला. ते मी आजही मान्य करत नाही. दोष जोडणीत असेल तर जोडणीच दुरुस्त करायची, आकडा नाही.

तुमच्या प्रश्नाखाली कुणी सांगितलंय की टीसीआरची (तारेचा रेझिस्टन्स दर डिग्रीला किती वाढतो तो आकडा) किंमत चव जमेपर्यंत खालीवर करत राहा. हा तोच उणे आठ आहे. करू नका. तारेच्या धातूची जी किंमत आहे तीच ठेवा आणि बाकीचं तपासा. स्क्रू आवळलेले आहेत का, टाकीच्या आट्यांवर लिक्विडचा चिकटा आहे का? अर्ध्या ओमच्या एसएस कॉइलमध्ये ०.०१ ओमची चूक म्हणजे २२ डिग्रीची चूक, हिशेब करून बघा. मूळ रेझिस्टन्स लॉक करताना, म्हणजे यंत्रात पक्का करताना, कॉइल पूर्ण गार हवी. नुकतीच ओढून गरम असताना लॉक केली, तर यंत्र त्या गरम कॉइललाच खोलीच्या तापमानाची समजतं आणि पुढे प्रत्येक वेळी खरं तापमान आकड्याच्या वर जातं. लॉक करताना कनेक्शन ढिलं असेल आणि नंतर नीट बसलं, तरी हेच होतं. आणि लॅमिंग्टन रोडवरच्या साध्या मल्टिमीटरने अर्धा ओम तपासायला जाऊ नका, त्याच्या प्रोबच्या वायरींचाच दोन-तीन दशांश ओम असतो.

आकडाच हवा असेल तर १८०पासून सुरू करा, पाच-पाचने चढा, २१०च्या पुढे जाऊ नका. त्याच्या जरा वर कापूस तपकिरी व्हायला लागतो. वॉट वाढवल्याने फक्त तिथे लवकर पोचता.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहितो. २०१९च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे सामान कुठे मिळतं हे मला विचारू नका, सांगणार नाही. तापमान बरोबर ठेवलं म्हणून निकोटीनचं व्यसन सुटत नाही. लिक्विडमधलं ग्लिसरीन फार तापलं की त्यातून ॲक्रोलीन सुटतं, ते फुप्फुसाला घातक आहे. आकडा जमवण्यापेक्षा सोडता आलं तर उत्तमच. आणि कॉइल साफ करायला कोरडी लाल करण्याची सवय असेल, तर टायटॅनियम आणि निकेलवर ते अजिबात करू नका. टायटॅनियम पेट घेऊ शकतं.